बाटलीतला पाऊस, वहीतले हवामान

रोहिणी नक्षत्र सरत आले की भातशेती करणाऱ्याची नजर आपोआप आभाळाकडे जाते. मृग साधारण ७ जूनला लागतो. मृगाने हात दिला तर रोपे वेळेवर तयार होतात, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी उरकते, हस्ताचा पाऊस दाणा भरून देतो आणि दिवाळीच्या सुमारास भात खळ्यावर येते. हे वेळापत्रक शाळेत कुणी शिकवले नव्हते. ते घराघरांत तोंडपाठ होते.

अलीकडे हे पाठांतर चुकू लागले आहे. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात 'क्यार' नावाचे चक्रीवादळ उठले. ते किनाऱ्याला धडकले नाही, लांबूनच ओमानच्या दिशेने निघून गेले. पण त्या दिवसांतल्या अवकाळी पावसाने कोकणात कापणीला आलेले आणि कापून ठेवलेले भात भिजवून टाकले. खाचरातल्या भाताला तिथेच कोंब फुटले. घरातले म्हातारे माणूस म्हणते, पाऊस बदलला. घरातले चौथीतले मूल म्हणते, हवामान बदल, पुस्तकात धडा आहे. दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत असतात. पण म्हाताऱ्याचा अनुभव वहीत नाही, आणि मुलाचा धडा अनुभवात नाही. हे दोन्ही एकत्र कसे आणता येतील, आणि तेही प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या हातून, फारसा खर्च न करता, याचा हा विचार.

एक रेल्वे, तीन गावे, एक नदी

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले की विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर, मग अंबरनाथ, मग बदलापूर अशी स्टेशने लागतात. पुढे वांगणी, शेलू, नेरळ. अर्ध्या तासाच्या प्रवासात तीन तऱ्हेची जमीन दिसते. उल्हासनगर ही फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभी राहिलेली वस्ती. तिला हे नाव १९४९ मध्ये मिळाले. २०११ च्या जनगणनेत तेरा-एक चौरस किलोमीटरांत पाच लाखांवर माणसे तिथे मोजली गेली. मोकळी माती शोधून सापडणे कठीण. अंबरनाथला शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे शिवमंदिर आहे, शेजारून वालधुनी नदी वाहते, आणि गावाभोवती कारखाने आहेत. बदलापूर हे काल-परवापर्यंत भाताचे आणि जांभळांचे गाव. तिथल्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु २००१ साली ज्या गावात जेमतेम लाखभर वस्ती होती, तिथे २०११ साली पावणेदोन लाखांच्या घरात माणसे झाली, आणि त्यानंतरही इमारती उठतच आहेत. जांभळाला मान मिळाला तेव्हा जांभळीची झाडे मात्र कमी उरली होती.

या सगळ्यांना बांधणारी उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांतून निघते, कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणला येते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. समुद्राची भरती कल्याणपर्यंत वर चढते. म्हणजे डोंगरातला पाऊस खाली येतो तेव्हा भरतीचे पाणी समोरून वाट अडवीत असते. २६ जुलै २००५ चा दिवस इथे कुणाला सांगावा लागत नाही. २०१९ च्या जुलैमध्ये मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. २७ तारखेला दिवसभर होड्यांतून हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. आसपासच्या गावकऱ्यांनीही त्यांना हात दिला.

सांगायचे कारण असे की हवामान बदलाच्या धड्यात बहुधा बर्फावर उभे असलेले पांढरे अस्वल असते. बदलापूरच्या मुलाने अस्वल पाहिलेले नाही. त्याच्या आळीतल्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ मात्र त्याने पाहिलेली असते. धडा तिथून सुरू करायला हरकत नसावी.

विषय पुस्तकात आला, हातात आला का?

पर्यावरणाचे शिक्षण शाळांतून सक्तीने द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. आपल्याकडे तिसरीपासून 'परिसर अभ्यास' आहे. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्य शासनाने 'माझी वसुंधरा' अभियान चालू केले, आणि २०२२ मध्ये युनिसेफच्या मदतीने पहिली ते आठवीसाठी त्याच नावाचा अभ्यासक्रमही आणला. कागदावर काही कमी नाही. पण चित्रे रंगविणे, घोषणा लिहिणे आणि वृक्षदिंडी काढणे एवढ्यावर काम भागले की मुलाला 'प्रदूषण', 'प्लॅस्टिक', 'ओझोन' आणि 'हवामान बदल' हे सगळे एकच वाटू लागते. वालधुनीचे पाणी कारखान्यांच्या आणि गटारांच्या घाणीने काळे झाले, ही वाईट गोष्ट आहे, पण ती हवामान बदल नव्हे. हा फरक मोठ्या माणसांनाही सांगावा लागतो, मग लहानांची काय कथा.

हाताने करून शिकणे ही काही नवी टूम नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांच्या शाळांत १९७२ पासून प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचे मोठे काम झाले. मुंबईला १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले, आणि त्याने त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा भागातल्या प्राथमिक शाळांत काम केले. अरविंद गुप्ता यांनी तर काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यावर मुलांना भूमिती शिकवून दाखविली. (अंबरनाथला एकेकाळी काडेपेट्यांचा मोठा कारखाना होता, तिथल्या जुन्या लोकांना याचे विशेष वाटेल.) या सर्वांनी एक गोष्ट सिद्ध केली, की खेड्यातल्या शाळेत काचसामान नाही म्हणून विज्ञान अडत नाही.

पाऊस मोजू या

पहिला प्रयोग पावसाचा. दोन लिटरची, अंगाने सरळ असलेली प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. वरचा निमुळता भाग कापून, बूच काढून, तो उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवावा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून त्यात खडे घालून सपाटी येईपर्यंत पाणी भरावे, आणि त्या पाण्याच्या रेषेवर शून्य यावा अशी कंपासपेटीतली पट्टी बाहेरून चिकटवावी. झाले पर्जन्यमापक.

तो कुठे ठेवायचा हे महत्त्वाचे. पत्र्याच्या पन्हळीखाली नको, झाडाखाली नको. मोकळ्या जागी, तोंड जमिनीपासून फूटभर उंचीवर राहील असा विटांमध्ये पक्का बसवावा, म्हणजे उडालेले शिंतोडे आत जात नाहीत. रोज सकाळी साडेआठला पाणी किती मिलिमीटर चढले ते वहीत लिहायचे आणि जादा पाणी शून्याच्या रेषेपर्यंत ओतून टाकायचे. साडेआठच का, तर हवामान खातेही देशभर चोवीस तासांचा पाऊस त्याच वेळेला मोजते. आपली नोंद त्यांच्या नोंदीशेजारी ठेवता यायला हवी.

आता गणित. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर. एका एकरावर ४,०४७ लिटर. शाळेच्या वर्गाचा पत्रा वीस बाय पंचवीस फुटांचा असेल तर त्यावर १०० मिलिमीटर पावसात साडेचार हजार लिटरच्या वर पाणी पडते, म्हणजे दोनशे लिटरची तेवीस पिंपे. चौथीतल्या मुलाला हा गुणाकार येतो, आणि हे उत्तर निघाल्यावर ते घरी गेल्याशिवाय राहात नाही.

या आकड्यांशी शेतकऱ्याचे पोट बांधलेले आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की आपल्या राज्यात महसूल खाते त्याला अतिवृष्टी म्हणते, आणि पीकनुकसानीच्या मदतीचा विचार होताना हा आकडा पुढे येतो. तो आकडा मिळतो महसूल मंडळातल्या यंत्रावरून. २०१७ पासून 'महावेध' योजनेत मंडळागणिक स्वयंचलित केंद्रे बसली आहेत. पण मंडळ म्हणजे अनेक गावे. पाऊस गावाच्या शिवेवर येऊन थांबतो हे कोण नाही पाहात? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला अवघा ७४. शाळेच्या बाटलीतला आकडा सरकारदरबारी चालणार नाही, हे खरे आहे आणि ते आधीच सांगून ठेवतो. मात्र आपल्या गावात किती पडला हे ठाऊक असलेला माणूस तलाठ्यासमोर वेगळ्या आवाजात बोलतो.

९४४ मिलिमीटर म्हणजे किती, हे मुलांना भिंतीवर खडूने रेघ मारून दाखवावे. तिसरीतल्या पोराच्या छातीला लागते. आपली बाटली तेवढ्या पावसाने तीन-चार वेळा भरून वाहिली असती.

हवा आणि हवामान

भूगोलाच्या पुस्तकात 'हवा' आणि 'हवामान' असे दोन शब्द आहेत. आज सकाळी ढग आले, दुपारी ऊन पडले, ती हवा. एखाद्या जागी अनेक वर्षांत सरासरीने काय घडते, ते हवामान. शास्त्रज्ञ ही सरासरी साधारण तीस वर्षांची धरतात. आपल्या वाडवडिलांचे नक्षत्रांचे वेळापत्रक म्हणजे एका अर्थाने हवामानच होते, आणि यंदाचा मृग कोरडा गेला ही हवा. एका वर्षी मृग चुकला म्हणून हवामान बदलले असे म्हणता येत नाही. एका वर्षी मृग वेळेवर आला म्हणून काही बदलले नाही, असेही म्हणता येत नाही.

मग बदलले आहे हे कशावरून? वह्यांवरून. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले, आणि त्याच्याकडे शंभरावर वर्षांच्या नोंदी आहेत. त्यांतून दिसते की १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखविले की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या. कारणांत तापलेला अरबी समुद्र आहे. हवा एका अंशाने तापली की तिची वाफ धरून ठेवण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. मोठ्या पखालीतून ओतले की एकदम ओतले जाते. पाऊस चार दिवसांऐवजी चार तासांत पडतो, आणि नंतर पंधरा दिवस उघडीप. वार्षिक बेरीज तीच दिसली तरी भाताच्या रोपाला बेरीज कळत नाही.

तीन ट्रे, एक लिटर पाणी

दुसरा प्रयोग मला सर्वांत आवडतो. तीन उथळ ट्रे घ्यावेत, फळांच्या खोक्याला प्लॅस्टिक लावले तरी चालेल. एकात गवतासकट उचललेले ढेकूळ, दुसऱ्यात नुसती भुसभुशीत माती, तिसऱ्यात फरशीचा तुकडा. तिन्ही एकसारखे तिरके ठेवून खालच्या टोकाला बाटली लावायची. बुचाला भोके पाडलेल्या बाटलीतून प्रत्येकावर एक-एक लिटर पाणी सारख्या वेगाने शिंपायचे, आणि मनात अंक मोजायचे.

फरशीवरचे पाणी जवळजवळ सगळे आणि लगेच खाली येते. मातीवरचे कमी येते, पण गढूळ. गवतावरचे सावकाश येते, थोडे येते, आणि बरेचसे स्वच्छ असते. पाणी मापून, वेळ लिहून, तिन्ही बाटल्या खिडकीत ओळीने ठेवून द्याव्यात. दुसऱ्या दिवशी मधल्या बाटलीत तळाशी गाळाचा थर बसलेला असतो. तो थर म्हणजे कुणाच्या तरी शेताचा वरचा कस. हे मुलांना सांगण्याचीही गरज पडत नाही.

मग मुलांना विचारावे, फरशीचा ट्रे कोणत्या गावाचा? उल्हासनगरचा. गवताचा? डोंगराकडच्या पाड्यांचा. बदलापूर वीस वर्षांत एका ट्रेमधून दुसऱ्यात कसे गेले? इथे शिक्षकाने एक फरक जपला पाहिजे. पूर वाढला याचे सगळे खापर हवामान बदलावर फोडणे सोयीचे असते, विशेषतः ज्यांनी ओढे बुजवून इमारती बांधल्या त्यांना. पाऊस जास्त जोराने पडणे ही एक गोष्ट, आणि पडलेला पाऊस मुरायला जागा नसणे ही दुसरी. प्रयोगात पाणी तिन्ही ट्रेंवर सारखेच ओतले होते. फरक फक्त जमिनीचा होता. पाहिजे तर नंतर फरशीवर दोन लिटर ओतून पाहावे, म्हणजे दोन्ही कारणे एकत्र आली की काय होते ते दिसते.

काचेच्या बरणीची गोष्ट

हवामान बदलाच्या प्रयोगांत सर्वांत जास्त केला जाणारा प्रयोग म्हणजे दोन बरण्यांचा. एक उघडी, एक झाकलेली, दोन्हींत थर्मामीटर, दोन्ही उन्हात. झाकलेली जास्त तापते. (ताप मोजायचा थर्मामीटर यासाठी वापरू नये. तो ३५ अंशांच्या खाली आणि ४२ च्या वर काही सांगत नाही, आणि उन्हात फुटतो. प्रयोगशाळेचा, लाल रेषेचा घ्यावा.) काही ठिकाणी तिसऱ्या बरणीत खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून कार्बन डायऑक्साइड तयार करतात, आणि ती बरणी जास्त तापली म्हणजे पृथ्वी का तापते ते सिद्ध झाले असे सांगतात. आपल्या आजोबांच्या पुस्तकात या वायूला कर्बद्विप्राणिद म्हणत, वायू तोच.

या प्रयोगाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. झाकलेली बरणी तापते ती मुख्यतः आतली गरम हवा बाहेर पडू शकत नाही म्हणून. उन्हात उभ्या केलेल्या बंद एसटीचे किंवा पॉलिहाऊसचे असेच होते. पृथ्वीला झाकण नाही. तिथे वेगळे घडते. ऊन जमिनीला तापविते, तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणारी उष्णता वर फेकते, आणि हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ती उष्णता वाटेत धरून काही भाग परत खाली पाठवितात. एवढ्याशा बरणीत हे नीट दिसत नाही. सोड्याची बरणी कधी जास्त तापते, कधी नाही, आणि जास्त तापली तरी कारण दुसरेच असू शकते. तेव्हा प्रयोग फसला तर आकडे खोडून 'बरोबर' आकडे लिहायला लावू नयेत. मुलांना आकडे खोडायला शिकविले की विज्ञान तिथेच संपते.

या बरणीमागची हकिकत मात्र मुलांना जरूर सांगावी. १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि सावलीत नेल्यावर निवायलाही जास्त वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, असे त्यांनी तेव्हाच लिहिले. त्यांचा निबंध शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांच्याऐवजी एका पुरुषाने वाचला, आणि पुढे दीडशे वर्षे त्यांचे नाव जवळजवळ कुणाला माहीत नव्हते. जमिनीतून निघणारी ती अदृश्य उष्णता हे वायू धरतात, हे १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी स्वतंत्रपणे मोजून दाखविले.

मग खेड्यातल्या मुलाला खरा परिणाम दाखवायचा कसा? यासाठी बरणी नको, पौष-माघातली रात्र पुरे. आभाळ निरभ्र असले की पहाटे कडाका पडतो. ढग आले की थंडी पळते. शेतकऱ्याला हे माहीत असते, पण का, ते विचारलेले नसते. ढग आणि वाफ जमिनीची उष्णता रात्री बाहेर जाऊ देत नाहीत म्हणून. थर्मामीटर बाहेर आडोशाला टांगून सूर्योदयापूर्वी पंधरा दिवस आकडे लिहावेत, आणि शेजारी 'निरभ्र' किंवा 'ढगाळ' एवढेच लिहावे. हा प्रयोग पुस्तकातल्या बरणीपेक्षा पृथ्वीच्या अधिक जवळचा आहे.

कार्बन डायऑक्साइड किती वाढला, हे तांदळाने दाखविता येते. वीस किलो तांदळात साधारण दहा लाख दाणे भरतात. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख कणांत या वायूचे सुमारे २८० कण होते. १९५८ मध्ये हवाई बेटावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ होते. आता ४२० च्या वर गेले आहेत. ४२० दाणे म्हणजे लहान दोन चमचे तांदूळ. एवढ्याने काय होते, असे कुणी म्हटले तर त्याला विरजणाची आठवण द्यावी.

तो वायू आपल्या श्वासातही असतो. खायचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा, वरचे नितळ पाणी काढून त्यात नळीने फुंकर घालावी. पाणी पांढरे होते. (फुंकायचे, ओढायचे नाही, आणि चुना डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. मोठे माणूस शेजारी हवे.) सायकलच्या पंपाने नुसती हवा सोडली तर पाणी बराच वेळ नितळच राहते. आपला श्वास पृथ्वी तापवीत नाही, कारण त्यातला कार्बन आपण खाल्लेल्या भाकरीतला, म्हणजे गेल्या हंगामात पिकाने हवेतूनच घेतलेला असतो. तापवितो तो कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पडून असलेल्या कोळशा-तेलातला.

बर्फाचा प्रयोग थोडक्यात. दोन भांड्यांत सारखे पाणी. एकात बर्फाचे खडे पाण्यात तरंगत, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढलेल्या दगडावर ठेवलेले. रेघा मारून ठेवाव्यात. तरंगता बर्फ वितळून पाणी चढत नाही, दगडावरचा वितळला की चढते. समुद्र वाढतो तो जमिनीवरच्या बर्फाने, आणि पाणी तापून फुगल्याने. इथे मुले विचारतात, बदलापूरला समुद्र कुठे आहे? मग पन्हळीचा तुकडा तिरका धरून त्याचे टोक बादलीत सोडावे. बादली रिकामी असताना पाणी झरझर उतरते. बादली भरत जाऊन पाणी पन्हळीच्या तोंडाला आले की ते मागे तुंबू लागते. भरतीच्या वेळी आलेला पूर उतरत का नाही, ते कळते.

वही कुणाकडे ठेवायची?

एवढे सगळे एका वर्षात करावे असे नाही. एक पर्जन्यमापक, एक थर्मामीटर आणि एक वही एवढेच टिकले तरी पुष्कळ. प्रयोग एका तासात संपतो. नोंद मात्र संपत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. चौथीचा वर्ग पुढच्या वर्षी पाचवीत जातो, शिक्षकांची बदली होते, वही कपाटात जाते. हवामानाला तीस वर्षे लागतात असे आपण वर म्हटले. म्हणजे आज आठ वर्षांच्या मुलीने उघडलेली वही तिची मुले शाळेत जातील तेव्हा कुठे काही सांगू लागेल. म्हणून वही वर्गाची नको, शाळेची हवी. दर जूनमध्ये जुन्या वर्गाने नव्या वर्गाला बाटली धुऊन, पट्टी तपासून, वही मोजून द्यावी. बाटलीची जागा बदलली, शेजारी भिंत उठली, तर तेही तारखेसकट लिहावे.

दुसरी अडचण अधिक गंमतीची आहे. ज्या दिवशी पाऊस सर्वांत जास्त पडतो, त्या दिवशी जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात. म्हणजे ज्या दिवसासाठी सगळा खटाटोप, नेमका त्याच दिवसाचा रकाना कोरा! त्यात दिवाळीची सुट्टी आली, जिच्या आसपास अवकाळी येऊन भात भिजवितो, आणि मे महिना आला, जेव्हा वळीव पडतो. यावर उपाय एकच दिसतो. दुसरी एक बाटली शाळेपासून जवळच्या, उंचावरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात बसवावी. घरात शाळेत जाणारे मूल असले तर उत्तमच. नसले तरी साडेआठला गुरांचे आटोपून घरात येणारे कुणीतरी असतेच. अंक वाचता येणे एवढीच पात्रता पुरे.

मोठ्या पावसात बाटली चोवीस तास पुरणार नाही. तेव्हा संध्याकाळी एकदा, रात्री झोपण्यापूर्वी एकदा वाचून, लिहून, शून्याच्या रेषेपर्यंत रिकामी करावी आणि सकाळी सगळ्यांची बेरीज मांडावी. मात्र पाणी अंगणाच्या कडेला आले असेल तर बाटली तिथेच सोडून माणसांनी आणि गुरांनी आधी वर जावे. त्या दिवसाच्या रकान्यात 'मोजता आला नाही, पाणी आले' एवढे लिहिले तरी ती नोंदच असते.

पेनापेक्षा पेन्सिल बरी. ओलीने शाई पसरते.